सौदी एका दिवसात संपली, मोरोक्को अजून उभी आहे. फरक कुठे पडला?

पांदणरस्ता | ११ डिसेंबर २०२२, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

काल रात्री मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने घरी पाठवलं. आफ्रिकेतला संघ फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ. आमच्या गावात (वणी तालुका, जि. यवतमाळ) ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही नऊ जण एका मोबाईलला चिकटून बसलो होतो. ४२ व्या मिनिटाला एन-नेसिरी गोलकीपरच्या हातांच्याही वर उडाला आणि डोक्याने बॉल आत घातला, तेव्हा शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या एवढा आमचा गलका झाला.

झोपताना मात्र दुसराच विचार डोक्यात बसला. २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं. अर्जेंटिना ३६ सामने हरला नव्हता. दहाव्या मिनिटाला मेस्सीचा पेनल्टी गोल, तरी उत्तरार्धात अल-शेहरी आणि अल-दोसारीने पाच मिनिटांत दोन गोल केले. सौदीच्या राजाने दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी दिली. आणि मग? पोलंडकडून ०-२, मेक्सिकोकडून १-२, गटात शेवटचा नंबर.

मोरोक्को तिकडे बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल असे एकेक घरी पाठवत इथवर आली. पाच सामन्यांत एकच गोल खाल्ला, तोही कॅनडाविरुद्ध स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून.

फरक कुठे पडला? गप्पांपुरतं विचारत नाही. मी गावात संध्याकाळी पोरांचा सराव घेतो. चौदा पोरं आहेत, त्यातल्या पाच जणांकडे बूट आहेत. येत्या रविवारी, १८ तारखेला, खाणीच्या कॉलनीतल्या टीमशी सामना आहे. ते दरवर्षी आम्हाला चार-पाच गोलांनी धुतात. म्हणून मनापासून विचारतो.

नागपुरी_तर्री | ११ डिसेंबर, रात्री १०:०५

भाऊ, सौदीचा तुक्का होता. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड दिले (म्हणजे बॉल पुढे मारला त्या क्षणी त्यांचा गडी बचावाच्या रांगेपलीकडे होता, म्हणून गोल धरला नाही). त्यातला एखादा उभा राहिला असता तर सामना तिथेच संपत होता.

वरुडचं_संत्र | ११ डिसेंबर, रात्री १०:२२

तर्रीभाऊ, असहमत. तीन गोल ऑफसाइड "दिले" नाहीत, सौदीने ते ऑफसाइड *करवले*. त्यांची बचावाची रांग जवळपास मैदानाच्या मध्यापर्यंत वर आली होती. मागे अर्धं मैदान मोकळं आणि समोर मेस्सी. एक जण अर्धं पाऊल मागे राहिला असता तर सगळं मुसळ केरात. त्याला छाती लागते.

निंदणाला बाया रांगेने बसतात ते डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकीची आपली पात, पण सगळ्या एका ओळीत पुढे सरकतात. एक मागे राहिली की ओळ मोडते आणि मग मुकादमीण ओरडते. सौदीने ९० मिनिटं ती ओळ मोडू दिली नाही.

बल्लारपूरचे_काका | ११ डिसेंबर, रात्री ११:१०

मी ८ जून १९९० चा सामना पाहिलेला माणूस आहे. दूरदर्शनवर. आळीत एकच टीव्ही, आणि चित्र हललं की एक जण कौलावर चढून अँटेना फिरवायचा. विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना, मिलानमध्ये. समोर मॅराडोनाचा अर्जेंटिना, गतविजेता. कॅमेरूनचा एक गडी ६१ व्या मिनिटाला बाहेर काढला. दहा जणांत त्यांनी गोल केला. ओमाम-बियिकने डोक्याने मारलेला बॉल साधा होता, पण गोलकीपर पुम्पिदोच्या हातून निसटला. शेवटी दुसराही गडी बाहेर गेला, तरी नऊ जणांनी १-० राखलं.

आमच्या आळीत फुटबॉल कोणाला कळत नव्हता. पण नऊ जण अकरांना अडवतात हे न कळणारा माणूस कुठे असतो?

पांदणरस्ता, तुमच्या प्रश्नाच्या कामाची गोष्ट पुढे आहे. ते कॅमेरून तिथे थांबले नाहीत. रुमानियाला हरवलं, कोलंबियाला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून जादा वेळेत ३-२ ने हरले. आणि सगळ्यात महत्त्वाचे गोल कोणी केले? ३८ वर्षांच्या रॉजर मिलाने, तोही बदली खेळाडू म्हणून उतरून.

जागलकरी | १२ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी त जपान-स्पेन वावरात पायली भाऊ. आमच्याकडं या हप्त्यात मोटरची लाईन रातची हाय. हरबऱ्याले स्प्रिंकलर लावून मोबाईल धुऱ्यावर डब्याले टेकून ठेवला. साडेबाराले म्याच चालू झाली. स्पेननं पयल्याच हाफात गोल मारला, अन् जपानच्या पायात बॉलच येऊन नाई राह्यला. हाफटाइम झाला म्हणून पाइप बदलवाले गेलो. चिखलातून परत येऊन पायतो त जपान २-१! दोन्ही गोल पाइप बदलवता-बदलवता होऊन गेले. मले वाटलं मोबाईलच बिघडला.

मंग रानडुकरं हाकलाची जे शिटी हाय ना, थे एवढ्या जोरात वाजवली का बाजूच्या वावरातला जागल्या पयत आला, काय झालं म्हणून. त्याले म्हटलं जपाननं स्पेनले पाडलं. थो म्हणे, बापा, मले वाटलं डुकरानं तुले पाडलं.

नागपुरी_तर्री | १२ डिसेंबर, सकाळी ९:१५

जागलकरीभाऊ 😀😀 शिटी एक नंबर.

पण त्या दुसऱ्या गोलाबद्दल माझं म्हणणं कायम. बॉल रेषेबाहेर गेला होता. फोटोत चक्क हिरवं गवत दिसतं मधे.

वरुडचं_संत्र | १२ डिसेंबर, सकाळी ९:४८

पुन्हा असहमत 🙂 आंबिया बहाराची तोडणी चालू आहे, तर हाताशी संत्र्यांची कमी नाही. घरच्या फरशीवर दोन फरशांमधल्या सांध्याला रेष समजा. संत्र सांध्याच्या जरा पलीकडे ठेवा. बाजूने बघाल तर बुड आणि रेष यांत फट दिसेल. आता उभे राहून अगदी वरून बघा. संत्र्याच्या पोटाचा फुगवटा रेषेवर आलेला दिसेल. नियम सांगतो की बॉल संपूर्ण, हवेतल्या फुगवट्यासकट, रेषेपलीकडे गेला तरच बाहेर. गोलाआधी जपानच्या मितोमाने मैदानात मागे वळवला तो बॉल कणभर आत होता. माझ्या मुलीला हा प्रयोग करून दाखवला, तिने नंतर प्रयोगशाळाच खाऊन टाकली.

झाडीची_पायवाट | १२ डिसेंबर, दुपारी १:३०

तुक्का म्हणणाऱ्यांसाठी घरचंच उदाहरण देते. विदर्भाने रणजी जिंकली ते आठवतं का? २०१७-१८. तोवर आपण कधी अंतिम फेरीतही गेलो नव्हतो. कोलकात्यात कर्नाटकला उपांत्य सामन्यात ५ धावांनी हरवलं, तेव्हा सगळे म्हणाले नशीब. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक आणि १ जानेवारी २०१८ ला चषक हातात. तरीही लोक म्हणाले, एकदा होतं असं. पुढच्याच वर्षी आपण नागपुरात सौराष्ट्रला हरवून तो पुन्हा जिंकला. तेव्हा तोंडं बंद झाली.

त्या मोसमाच्या आधीच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले होते. मोरोक्कोचे वालिद रेग्रागुई तर ऑगस्टमध्ये आले, स्पर्धेच्या तीन महिने आधी. पण दोन्ही ठिकाणी खालचं काम वर्षांनुवर्षं चाललेलं होतं. आपल्याकडे अकादमी, त्यांच्याकडेही अकादमी. एन-नेसिरी, अगर्द, उनाही हे तिघे राजधानी रबातजवळच्या मोहम्मद सहावे अकादमीत घडलेले.

नागपुरी_तर्री | १२ डिसेंबर, दुपारी २:१०

रणजीला हात जोडले ताई, तिथे आपण बोलत नाही. पण मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म परदेशातला आहे. हकिमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात हॉलंडचे, गोलकीपर बोनो कॅनडात जन्मलेला. मग युरोपातच तयार झालेल्या पोरांनी युरोपाला हरवलं, यात एवढं नवल काय?

मोहफूल | १२ डिसेंबर, रात्री ८:०५

तर्रीदादा, आमच्या गावचे अर्धे पोरं पुण्याला कंपनीत आहेत. मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, परत येतात आणि गावच्या कबड्डीच्या टीममध्ये उतरतात. त्यांना कोणी पुण्याचे म्हणत नाही.

हकिमीची आई माद्रिदमध्ये लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर सामान विकायचे. स्पेनविरुद्ध शेवटची पेनल्टी त्याच पोराने मारली, ज्या शहरात त्याच्या आईने दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या त्या देशाविरुद्ध. आणि काय मारली! गोलकीपर बाजूला झेपावला आणि याने बॉल मधोमध हळूच उचलून टाकला. काल-परवा मोरोक्कोचा बुफाल मैदानावर आईबरोबर नाचला ते पाहिलं का? मी ते पाच-सहा वेळा पाहिलं. मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळले. माझी आई एकदाही बघायला येऊ शकली नाही. धानाची कापणी आणि सामने नेहमी एकाच आठवड्यात यायचे. त्यामुळे त्या आईची साडी, म्हणजे तिचा तो अंगरखा, नाचताना उडत होता ते बघून डोळे भरून आले.

काटोल_नाका | १२ डिसेंबर, रात्री ८:४०

मोहफूलताई 🙏

अवांतर: काल नागपुरात समृद्धी महामार्गाचं उद्घाटन झालं आणि आमच्या कट्ट्यावर त्यापेक्षा जास्त चर्चा मोरोक्कोची. असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं.

बल्लारपूरचे_काका | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

काटोलभाऊ, नागपूर-कामठीकडे फुटबॉल जुनाच आहे, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत. विजय बारसे सरांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू केलं. पाच जोडी बूट असलेली तुमची टीम त्या मानाने श्रीमंत आहे, पांदणरस्ता. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. दोन पेनल्टी चुकल्या नसत्या तर निकाल वेगळा असता. १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक. पोरांना हे सांगा.

आकडेमोड | १३ डिसेंबर, सकाळी १०:२०

लहान संघांचा विषय आहे तर क्रोएशिया विसरू नका. लोकसंख्या ३९ लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्हा २७.७ लाख आणि वर्धा १३ लाख. म्हणजे आपले हे दोन जिल्हे मिळून एक क्रोएशिया होऊन वर माणसं उरतात. मागच्या वेळी उपविजेते, यंदा ब्राझीलला पेनल्टीवर काढून पुन्हा उपांत्य फेरीत.

पांदणरस्ता | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. वरुडभाऊंची निंदणाची पात आज सरावाला वापरली. चार पोरांच्या कमरेला एकच सुतळी बांधली, दोघांमध्ये सहा-सहा हातांचं अंतर ठेवून. एक पुढे गेला की चौघांनी जायचं, एक थांबला की चौघांनी थांबायचं. पहिली दहा मिनिटं नुसती ओढाताण आणि भांडणं. मग एकाने "चला गं बायांनो" म्हणून हाक घातली आणि त्यानंतर सुतळी ढिली राहायला लागली. ही पोरं आयांबरोबर निंदायला गेलेली आहेत, त्यांना हे आधीपासून येत होतं. मला माहीत नव्हतं.

पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. ओळ सौदीनेही धरली होती. मग पुढच्या दोन सामन्यांत काय झालं?

वैद्यबुवा_दारव्हा | १४ डिसेंबर, सकाळी ११:००

उशिरा आलो, पण याचं उत्तर माझ्या मते साधं आहे. गडी मोडले.

अर्जेंटिनाविरुद्धच पहिल्या हाफच्या शेवटी सौदीचा कप्तान सलमान अल-फराज जखमी होऊन बाहेर गेला. शेवटच्या मिनिटांत डावा बॅक (डावीकडचा बचावपटू) अल-शहरानी स्वतःच्याच गोलकीपरच्या गुडघ्याला आदळला, चेहऱ्याचं हाड मोडलं. दोघेही पुढे खेळले नाहीत. तरी पोलंडविरुद्ध सौदी वाईट खेळली नाही. ०-१ असताना त्यांना पेनल्टी मिळाली, अल-दोसारीने मारली आणि पोलंडचा गोलकीपर श्चेस्नीने ती अडवली. ती गेली असती तर हा धागा वेगळा निघाला असता.

आता मोरोक्को बघा. त्यांचेही मोडले. पोर्तुगालविरुद्ध अगर्द नाही, डावा बॅक मजरावी नाही. कप्तान सैस स्ट्रेचरवरून बाहेर. मजरावीच्या जागी कोण खेळला? याह्या अत्तियत-अल्लाह. मोरोक्कोतच जन्मलेला, मोरोक्कोतल्याच विदाद क्लबचा. युरोपात त्याला कोणी ओळखत नव्हतं. एन-नेसिरीने ज्या बॉलवर डोकं मारलं तो क्रॉस (कडेने आत टाकलेला बॉल) याच अत्तियत-अल्लाहचा. रेग्रागुई त्याला आधीपासून ओळखत होते, कारण राष्ट्रीय संघाकडे येण्याआधी ते विदादचेच प्रशिक्षक होते आणि याच वर्षी त्यांनी तो संघ आफ्रिकेचा विजेता केला होता.

पांदणरस्ता, तुमच्या चौदांपैकी अकरा खेळतात. उरलेले तिघं सरावात काय करतात?

पांदणरस्ता | १४ डिसेंबर, दुपारी १२:४५

बॉल आणून देतात.

वाचून गप्प बसलो, बुवा. खरं आहे. अकरा जणांचा सराव चालतो आणि ते तिघं कडेला उभे असतात. बॉल नाल्यात गेला की तेच उतरतात. त्यातला एक आठवीतला आहे, डाव्या पायाचा. दोन वर्षं न चुकता येतो. त्याला मी सामन्यात एकदाही उतरवलेलं नाही.

जागलकरी | १४ डिसेंबर, दुपारी १:०५

मंग आजपासून त्याले खेळव ना बावा. शंकरपटात, म्हंजे बैलाच्या शर्यतीत, बी एक जोडी लंगडली त दुसरी जुपाच लागते. दुसरीले कधी धावाडलंच नाई त थे दाणीवर जाऊन काय करन?

मोहफूल | १५ डिसेंबर, सकाळी ६:१५

हरलो. फ्रान्स २, मोरोक्को ०. रात्रभर जागी होते. पाचव्या मिनिटालाच गोल खाल्ला. अगर्द सामना सुरू व्हायच्या आधीच बाहेर झाला, सैस वीस मिनिटांत गेला, तरी बराच वेळ बॉल त्यांच्याच पायात होता. एल यामिकची ती उलटी होऊन मारलेली किक खांबाला लागली तेव्हा मी तोंडात पदर कोंबला, घरचे झोपले होते.

नागपुरी_तर्री | १५ डिसेंबर, सकाळी ८:००

ताई, मीपण त्यांच्याच बाजूने होतो काल. तुक्का हा शब्द मागे घेतो. सौदीसाठीपण.

आकडेमोड | १८ डिसेंबर, सकाळी ८:४५

तिसऱ्या क्रमांकाचा सामना काल झाला, क्रोएशिया २-१ मोरोक्को. यवतमाळ-वर्धा जिंकलं म्हणा 🙂 पांदणरस्ता, आज तुमचा सामना ना? कळवा.

पांदणरस्ता | १९ डिसेंबर, रात्री १०:१५

काल रात्रीच्या अंतिम सामन्यावर तुम्ही सगळे वेगळ्या धाग्यावर लिहीतच आहात. ३-३ आणि पेनल्टी, मीही पाहिला. इथे आमचं लिहितो.

सकाळी आठला सामना ठरला होता, तो साडेनऊला सुरू झाला. दोन पोरं आलीच नाहीत. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, घरचे म्हणाले आधी वावर. त्यात एक आमचा नेहमीचा डावा बॅक. म्हणजे बारा जण उरले आणि आठवीतल्याला उतरवणं भागच होतं. पण बुधवारपासून त्याचा रोज सराव झाला होता, सुतळीत त्याला दुसऱ्या टोकाला बांधला होता. पायात त्याच्या भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.

पहिल्या हाफमध्ये समोरच्यांना आम्ही सहा वेळा ऑफसाइड पकडलं. लाइनमन त्यांच्याच कॉलनीतला होता आणि त्याने इमानदारीने झेंडा वर केला, हे इथे मुद्दाम लिहितो. उत्तरार्धात आमचे पाय थकले. एकदा त्यांचा उजवीकडचा मोठा पोरगा एकटाच सुटला. आठवीतला त्याच्या मागे पळाला, एक बूट निघाला, तसाच पळाला आणि गोलच्या चार पावलं आधी अनवाणी पायाने बॉल बाहेर काढला.

०-० सुटला. पेनल्टीवर आम्ही ३-२ ने हरलो.

त्याची आई शेवटची पंधरा मिनिटं होती. वावरातून सरळ आली होती, कमरेला ओटी तशीच, अर्धी कापसाने भरलेली. मोहफूलताई, ती नाचली वगैरे नाही. मैदानात जाऊन तिने तो निघालेला बूट शोधला, त्यातला कापूस काढून ओटीत टाकला आणि बूट त्याच्या हातात दिला.

मोहफूल | १९ डिसेंबर, रात्री १०:३१

दादा, तिला माझा नमस्कार सांगा. सांगालच ना?

वैद्यबुवा_दारव्हा | १९ डिसेंबर, रात्री १०:५०

परतीचा सामना ठरवा, यावेळी तुमच्या गावात. आणि वेचणी संपल्यावरची तारीख घ्या, म्हणजे चौदाही येतील.

पांदणरस्ता | १९ डिसेंबर, रात्री ११:०५

संक्रांतीनंतरचा रविवार म्हटलं आहे त्यांना. ते तयार आहेत.

वरुडचं_संत्र | २० डिसेंबर, सकाळी ७:२०

मी येतो. दोन पेट्या संत्री आणि जुने बूट गोळा करून आणतो, आमच्या इकडच्या पोरांकडे लहान झालेले पडून आहेत. पायांची मापं कळवा, आठवीतल्याचं आधी.